एका एकरात न मावणारं वळण

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही लिहिलं ते थोडक्यात असं: १९९४ मध्ये उत्तराखंडात औलीला स्कीचा, म्हणजे पायांत लांब पट्ट्या बांधून बर्फावर घसरण्याचा, चौदा दिवसांचा कोर्स केला, तो १९५ सेंटिमीटरच्या सरळ स्कीवर. पुढं मनालीहून एक जुनी जोडी विकत आणली, तीन-चार हिवाळे तिच्यावर काढले, मग संसार, नोकरी, आणि स्की गेल्या माळ्यावर. मागच्या फेब्रुवारीत मुलीला घेऊन गुलमर्गला गेलात, तिथं भाड्यानं नव्या, मधे कंबर असलेल्या स्की भेटल्या. सरळ जाताना डुगडुगतात, वळताना आपल्याच मनानं पळतात, पुढची टोकं एकमेकींवर चढतात. तीन दिवसांत अकरा वेळा पडलो आणि पहिल्यांदाच बर्फ पाहणारी मुलगी माझ्यापुढं निघून गेली, असं लिहिलंत. आता या हिवाळ्यात जुन्या स्की सोबत न्याव्या का? वय ५४, उंची १७० सेंटिमीटर, वजन ७८ किलो.

मी तुमच्याच बाजूचा, यवतमाळ जिल्ह्यातला. फौजेत असताना गुलमर्गला शिकलो, मग तिथंच शिकवलं. आता दारव्ह्याजवळ वावर करतो आणि जानेवारी उजाडला की कापसाची उरलेली वेचणी घरच्यांवर टाकून दीड-दोन महिने शिकवायला वर जातो. गावात अजून लोक विचारतात, बर्फावर घसरायचे पैसे काहून देतात तुले? तर माझं उत्तर कोण्या दुकानदाराचं नाही, पडून उठलेल्या माणसाचं आहे.

जुन्या नेऊ नका, हे आधीच सांगून टाकतो. पण नव्या स्की पायात घातल्या की प्रश्न मिटला, असंही समजू नका. तुमची अडचण पायाला लागलेल्या सवयीची आहे. त्या सवयी तेव्हा बरोबर होत्या, आणि त्या काहून होत्या हे एकदा नीट समजलं तर त्या सुटायला सोप्या जातात.

माळ्यावरून जुनी स्की काढा. जमिनीवर सपाट ठेवा आणि दाबून धरा. तिच्या एका कडेला, पुढच्या सगळ्यात रुंद जागेपासून मागच्या सगळ्यात रुंद जागेपर्यंत सुतळी ताणून धरा. मधे, बुटाच्या जागी, सुतळी आणि कड यांच्यात फट दिसेल. पट्टीनं मोजा. त्या काळच्या जोडीत ती फट साधारण ७-८ मिलिमीटर निघते. आजच्या १६५ सेंटिमीटरच्या स्कीत तीच फट १९-२० मिलिमीटर असते. सगळा खेळ या फटीचा आहे.

कडेचा हा बाक म्हणजे एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा. वर्तुळ केवढं, हे काढायचा हिशेब सातवीतल्या पोरालाही जमेल: सुतळीची लांबी मीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, आणि फटीच्या आठपटीनं भागा, फटही मीटरमध्येच. जुन्या स्कीची सुतळी १.७५ मीटर आणि फट ८ मिलिमीटर धरली तर त्रिज्या येते जवळपास ४८ मीटर. नवीची सुतळी १.४५ मीटर आणि फट १९ मिलिमीटर धरली तर १४ मीटरच्या आसपास.

आता स्की कडेवर कलवून उभे राहा. कललेली स्की तुमच्या वजनानं वाकते आणि बर्फात त्याहून थोडं लहान वर्तुळ कापते. ३० अंश कलवली तर ४८ चे ४२ मीटर होतात आणि १४ चे १२. म्हणजे जुन्या स्कीला नुसतं कलवून अर्धा वळसा घ्यायचा तर ८४ मीटर रुंद उतार लागेल. एक एकराचा चौकोनी तुकडा घ्या, त्याची एक बाजू ६४ मीटरच्या आसपास भरते. तुमची जुनी स्की तिच्या स्वतःच्या बाकावर एका एकराच्या वावरातही वळत नाही! नवी २४ मीटरमध्ये वळते.

मग आपण वळत कसे होतो? ढकलून. आठवा औलीचा धडा: पाय जोडून, गुडघे वाकवून, वर उसळी घेऊन वजन काढायचं, आणि हलक्या झालेल्या स्कीच्या टाचा जोर लावून बाहेर फिरवायच्या. मग सगळा भार खालच्या पायावर टाकून बर्फ खरडत थांबायचं. याला आम्ही वळण म्हणत होतो आणि ते फार कष्टाचं कसब होतं. चांगला सरळ-स्कीवाला अजूनही पाहत राहावा असा दिसतो. पण तो बर्फ कापत नव्हता, खरडत होता. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर ती वखराची पाळी होती: पास, म्हणजे वखराचं पातं, आडवी लागते आणि रुंद पट्टा साफ होत जातो. नव्या स्कीनं नीट वळलात तर मागं दोन बारीक, स्वच्छ रेघा उरतात, तिफनीच्या तासासारख्या. शिकवताना मी पोरांना हेच सांगतो, मागं वळून पाहा, वखरलं की पेरलं?

स्कीला कंबर असावी ही कल्पना नवी नाही. नॉर्वेच्या टेलेमार्क भागातल्या सोंद्रे नूरहाइमच्या स्की एकोणिसाव्या शतकातच मधे बारीक होत्या. पण खोल बाकाचा खरा जोर १९९० च्या दशकात आला. स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीनं १९९३ मध्ये एससीएक्स नावाची स्की काढली आणि पुढच्या काही वर्षांत सरळ स्की दुकानांतून उठल्या. आपल्याकडं त्या उशिरा पोचल्या. तुम्ही औलीला शिकत होता तेव्हा बदलाची सुरुवात झाली होती, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता.

आता तुमच्या तीन तक्रारी घेऊ.

सरळ जाताना डुगडुगते. खरं आहे. १९५ ची लांब सरळ स्की सपाट सोडली की रुळावरच्या डब्यासारखी जाते. लहान, कमरेची स्की सपाट सोडली की तिला कोणती कड धरावी ते कळत नाही, मग ती इकडं-तिकडं हुंगत जाते. उपाय असा की तिला अगदी सपाट सोडायचीच नाही. किंचित एका कडेवर ठेवा आणि लांबच लांब, उथळ वळणात राहा.

टोकं एकमेकींवर चढतात. तुम्ही पाय जोडून उभे राहता म्हणून. जुनी स्की पुढं ८५-९० मिलिमीटर रुंद असायची, नवी ११५-१२० असते, आणि गुलमर्गच्या भुसभुशीत बर्फासाठी देतात ती त्याहून रुंद. पाय चिकटवले तर टोकांना जागाच नाही. शिवाय दोन्ही गुडघे एका बाजूला झुकवायला मधे जागा लागते. खुब्यांच्या रुंदीएवढे पाय फाकवा, बैलामागं पाभर धरून उभं राहतो तसे. पहिले दोन दिवस आपण गावंढळ दिसतो असं वाटेल. वाटू द्या.

स्वतःच पळते. ही तक्रार सगळ्यात महत्त्वाची, आणि हिच्यातच धोका आहे. तुम्ही जुन्या सवयीनं टाच बाहेर ढकलता, त्यानं स्की कलते, आणि कललेली नवी स्की वळायला लागते. तुम्ही एक वळण मागितलं, तिनं दोन दिली. घाबरून तुम्ही मागं बसता. मागं बसलं की सगळं वजन शेपटीवर जातं, शेपटीची आतली कड बर्फ पकडते आणि स्की पायाखालून पुढं सुटते. गुडघ्याचे लिगामेंट असेच जातात. माझा डावा असाच गेला होता, आणि तोही साध्या उतारावर, शिकाऊ पोरांसमोर. सरळ स्कीवर वर्षानुवर्षं शिकवलेलं होतं, त्या गुर्मीत मी नव्या जोडीवर पहिल्याच दिवशी पाय जोडून उसळी मारायला गेलो. तीन महिने घरी बसलो. म्हणून मागं बसायचं नाही हे मी जरा जास्तच ओरडून सांगतो. नडगी बुटाच्या पुढच्या जिभेला टेकलेली असली पाहिजे, सतत. टेकलेली नसेल तर वळण सोडा, आधी उभं राहणं दुरुस्त करा.

पुन्हा शिकायचं कसं? मी माझ्या जुन्या पद्धतीच्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी काठ्या देतच नाही. काठी हातात असली की काठी टोचा, उसळा, फिरवा, हे जुनं गाणं आपोआप सुरू होतं. अगदी सोप्या उतारावर, आडवं जायला सुरुवात करा. आता फक्त दोन्ही घोटे आणि गुडघे वरच्या बाजूला, म्हणजे डोंगराकडं, हळूच कलवा. खांदे फिरवू नका, टाच ढकलू नका. काहीच करू नका, खरं म्हणजे. स्की आपल्या बाकावर हळूहळू वर वळेल आणि स्वतःच थांबेल. मागं पाहा. दोन रेघा आहेत? मग दुसऱ्या बाजूनं करा. असं वीस-पंचवीस वेळा. कंटाळवाणं आहे, पण माणसाला पहिल्यांदा इथंच कळतं की वळण स्की देते, आपण फक्त मागायचं असतं.

मग जरा जास्त खाली तोंड करून सुरुवात करा. सगळ्यात शेवटी एक वळण संपलं की दुसरीकडं कलवा आणि थांबा. इथं ‘थांबा’ला महत्त्व आहे. स्की उताराच्या तोंडाला येईपर्यंत अर्धा-एक सेकंद जातो. जुन्या माणसाला तेवढाही धीर नसतो, तो तिथंच टाच ढकलतो आणि पुन्हा वखरायला लागतो. मी पोरांना तीन मोजायला लावतो. तुम्हीही मोजा.

जुन्यातलं एक मात्र सोडू नका. भार मुख्यतः बाहेरच्या, म्हणजे वळणात खालच्या बाजूला येणाऱ्या पायावर, हे आजही तसंच आहे. आतल्या पायानं फक्त सोबत कलायचं, थोडं वजन घ्यायचं. नवी पद्धत म्हणजे दोन्ही पायांवर अर्धं-अर्धं, असं कोणी सांगत असेल तर भुसभुशीत खोल बर्फ सोडून इतर ठिकाणी त्याचं ऐकू नका.

वेगाचंही लक्षात घ्या. खरडण्यात ब्रेक होता. कापत जाणाऱ्या वळणात ब्रेक जवळपास नसतो, वेग कमी होतो तो वळण डोंगराकडं पूर्ण नेल्यानं. त्यामुळं पहिल्या दिवशी वेग अंगावर येतो. गर्दीच्या उतारावर हे शिकू नका, हेल्मेट घाला. आणि खरडायचं कसबही फेकून देऊ नका. उभा उतार, कडक बर्फ, झाडांमधली अरुंद वाट, तिथं तुमची जुनी साइड स्लिप, म्हणजे स्की आडवी धरून खरडत खाली उतरणं, हीच कामी येणार. मुलगी नव्यावर शिकली, तिला हे येत नसेल. तिथं तुम्ही तिला शिकवाल.

आता जुन्या जोडीकडं परत येतो, कारण ‘नेऊ नका’ म्हणण्याचं दुसरं कारण अजून सांगितलंच नाही. लाकूड, फायबर टिकेलही. भरवसा बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचा, नाही. पडल्यावर बूट सुटणं हे तिच्या स्प्रिंगवर आणि प्लॅस्टिकवर अवलंबून असतं, आणि तीस वर्षं आपल्या माळ्यावर, टिनांखाली, म्हणजे उन्हाळ्यात ४५ च्या वर आणि पावसाळ्यात ओल. कंपन्याही जुनी मॉडेलं काही वर्षांनी यादीतून काढतात, मग जाणता दुकानदार ती सेट करून द्यायला नाहीच म्हणतो. त्याचं बरोबर आहे. वर नव्या बुटांमध्ये ग्रिपवॉक नावाचा वळणदार रबरी तळ येतो, तो जुन्या बाइंडिंगमध्ये धड बसत नाही.

बुटांचं तर विचारूच नका. स्कीच्या बुटाचं प्लॅस्टिक दमट हवेत आतून सडत जातं, बाहेरून चकचकीत दिसतं. माझे स्वतःचे जुने बूट, घरी गोदामात ठेवलेले, एके वर्षी मोठ्या प्रेमानं वर नेले आणि लिफ्टच्या रांगेत उभं असतानाच एकाची टाच भाकरीच्या पापुद्र्यासारखी सुटली. रांगेत होतो म्हणून वाचलो. तुमचे औलीच्या काळातले बूट अजून असतील तर ते शोभेलाच ठेवा.

काय घ्यावं हे मात्र परिस्थितीवर आहे, आणि इथं मी ठाम बोलणार नाही. वर्षातून एकदा, सात-आठ दिवस जाणार असाल तर स्की भाड्यानंच घ्या. दोन मीटरची पिशवी नागपूरहून जम्मूपर्यंत रेल्वेत सांभाळायची आणि पुढं टॅक्सीच्या टपावर बांधायची, हा त्रास कशाला? विकत घ्यायचंच असेल तर आधी बूट घ्या. पाय तुमचा आहे, स्की कोणाचीही चालते. नव्या बुटात बोटं पुढं जेमतेम लागली पाहिजेत आणि गुडघा वाकवला की सुटली पाहिजेत. सैल बूट आरामाचा वाटतो आणि दिवसभर तुम्हाला मागं बसवतो.

भाड्याच्या दुकानात लांबी विचारतील. पूर्वी हात वर करून मनगटापर्यंत मोजायचे, ते विसरा. तुमच्या उंचीला आणि या टप्प्याला १६० ते १६५, म्हणजे डोळे ते कपाळाच्या मधे. मधली रुंदी विचारायला मात्र विसरू नका. गुलमर्गचं नाव भुसभुशीत बर्फाचं, आणि गोंडोलाचा, म्हणजे तारेवरच्या पाळण्याचा, दुसरा टप्पा २००५ मध्ये अफरवाट डोंगरापर्यंत गेल्यापासून बरेच लोक ३९०० मीटरच्या वरचा तो बर्फ उतरायलाच येतात. म्हणून दुकानदार सरसकट १०० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद स्की पुढं करतो. ती खोल बर्फात तरंगते, पण दाबलेल्या उतारावर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यायला वेळ लावते. शिकण्याच्या दिवसांसाठी ७० ते ८० मिलिमीटरची मागा. नसेलच तर त्यातली सगळ्यात अरुंद. मागच्या वर्षी तुम्हाला डुगडुगायला लावणारी जोडी रुंदच होती, असा माझा अंदाज आहे. रुंद स्कीची टोकं अनेकदा वर उचललेली असतात, त्यामुळं बर्फाला टेकणारी लांबी आणखी कमी होते.

बाइंडिंगचा आकडा, म्हणजे किती जोरावर बूट सुटावा ते, लावताना वजन, उंची, बुटाच्या तळाची लांबी, वय आणि तुम्ही किती जोरात स्की करता हे विचारतात. खरं सांगा. लोक वजन कमी आणि कसब जास्त सांगतात. पन्नाशीच्या पुढं आकडा एक पायरी खाली लावायचा असतो, म्हणून वय तर सांगाच, मुलगी शेजारी उभी असली तरी.

किती दिवस लागतील हेही तुम्ही विचारलं आहे. पाया पक्का असलेल्या माणसाला माझ्या अनुभवात तीन दिवस. पहिला दिवस मागच्या वर्षीपेक्षा वाईट जातो, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर काही वळणं सुचतात, तिसऱ्या दिवशी हसू येतं. मधेच ‘एक फेरी जुन्यावर मारून पाहतो’ म्हणून कोणाची सरळ जोडी मागू नका. पाय लगेच घरी पळतो. आणि गुडघे दुखत असतील, साखर-बीपी असेल, तर हे तीन दिवस सहा करा. त्यात लाज नाही.

जायच्या आधी घरी काय करता येईल? बर्फ आपल्याकडं नाही, पण धुरा, म्हणजे वावराचा बांध, आहे. धुऱ्याच्या उतारावर आडवं उभं राहा, पाय फाकवून, आणि दोन्ही घोटे एकदम वरच्या बाजूला कलवा, मग सपाट करा, मग परत कलवा. भार खालच्या पायावर. रोज शंभर वेळा. शेजारचा पाहील आणि काहीतरी म्हणेल. मला तर तुरी सोंगणाऱ्या बायांनी ‘फौजी नाचते’ म्हणून नाव ठेवलं होतं. भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसणं दोन-दोन मिनिटं, आणि एका पायावर डोळे मिटून उभं राहणं. सायकल असेल तर रिकाम्या रस्त्यावर, हँडल न फिरवता, नुसती कलवून मोठी वळणं घ्या. नव्या स्कीच्या सगळ्यात जवळ जाणारी हीच गोष्ट आपल्या गावात भेटते.

जुनी जोडी टाकू नका मात्र. कडांचा गंज बारीक पॉलिश पेपरनं घासा, तळावर आणि कडांवर मेणाचा जाड थर द्या, आणि टिनांखालून काढून बैठकीत भिंतीला लावा. पण आधी सुतळी ताणा आणि फट किती मिलिमीटर आली ते कळवा. सोबत मागच्या वर्षीच्या भाड्याच्या स्कीवर छापलेले पुढच्या, मधल्या आणि मागच्या रुंदीचे तीन आकडे दिसतील असा एखादा फोटो मुलीच्या मोबाइलमध्ये असेल, तोही पाठवा. मधला आकडा पाहिला की माझा अंदाज खरा की खोटा ते कळेल.